कोंडवाड्यातले चेंडू

लिंडेन, आयोवा
१५ जून १९५३

चि. रुडी यास,
अ. उ. आ.

महिनाभर तुझं पत्र नाही, म्हणजे तुझी टीम जिंकत असणार. हरायला लागलास की बहीण आठवते, हा तुझा लहानपणापासूनचा नियम आहे. इकडे सगळे ठीक. जेरींचा गुडघा धरलाय, तरी गाईंजवळ दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाहीत. मला म्हणाले, तुझ्या हाताला दूध येतं, पण गाय नाराज होते. पंचवीस वर्षांच्या संसारात मी कधी नाराज झाले का, हे मात्र त्यांनी विचारलेलं नाही.

काल वारा बरा होता, म्हणून रेडिओवर तुझा अख्खा बेसबॉलचा सामना ऐकला. मी वही घेऊन बसते आणि एकेका फलंदाजाचं काय झालं ते लिहिते. जेरी म्हणतात, चर्चमध्ये एवढं लक्ष दिलं असतंस तर एव्हाना संत झाली असतीस. खेळ मला कळतो रे, तुझा कारभार कळत नाही. एक जण चेंडू फेकतो, तो दमला की दुसरा येतो, इतकं सरळ असताना तुला आठ पिचर कशाला लागतात?

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. मैदानाच्या कडेला तुझे राखीव पिचर बसतात, त्या कोंडवाड्यात काल मिलो उठून हात गरम करतोय, असं रेडिओवाल्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्या डावात, सहाव्यात आणि आठव्यात. तिन्ही वेळा तो पुन्हा बसला आणि सामन्यात दुसराच कुणीतरी आला. माझ्या वहीप्रमाणे आणि पेपरातल्या तक्त्यांप्रमाणे माझ्या लेकाने अकरा दिवसांत एकही चेंडू टाकलेला नाही. भाचा माझ्या हवाली कर, त्याला वरच्या लीगमध्ये पोचवतो, असं माझ्याच स्वयंपाकघरात मी भाजलेले कोलाचचे गोड पाव खाताना म्हणाला होतास. मी भांडत नाहीये, मला फक्त समजून घ्यायचंय.

अंगावर गरम कपडे घाल. लोभ आहे, तो पत्राच्या उत्तरावर अवलंबून नाही, तरी उत्तर पाठव.

तुझी,
ब्लँचताई

——

मार्शफर्ड, इलिनॉय
२२ जून १९५३

ती. ब्लँचताईस,
सा. न. वि. वि.

जून महिन्यात गरम कपडे फक्त तूच घालायला सांगू शकतेस. पत्र मिळालं आणि कान पकडले.

ताई, आठ पिचर म्हणजे एका स्वयंपाकघरात आठ जावा. त्यातले चौघे सामना सुरू करणारे. त्यांचा थाट जावयांचा. एक दिवस फेकायचं, चार दिवस पाय पसरून बसायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा रुबाबात यायचं. उरलेले चौघे कोंडवाड्यात. म्हातारा ड्वाइट हरलेल्या सामन्यांचा मालक. आठ धावांनी मागे असलो तरी नऊ डाव पुरे करावेच लागतात, आणि ते तो कुरकुर न करता करतो. लोक त्याला हसतात, पण तो आहे म्हणून दुसऱ्या दिवशी बाकीचे ताजे असतात. एलिस डावखुरा. समोर डावखुरा फलंदाज आला की तेवढ्यापुरता त्याला आणायचा आणि लगेच परत न्यायचा. बर्नीचा चेंडू शेवटी खाली बुडतो, म्हणून समोरच्यांची धावायला टपलेली माणसं बेसवर साठली आणि जमिनीलगतचा फटका हवा असला की बर्नी. माझं सगळं कसब एवढंच, की आजचा सामना जिंकताना उद्याचा पिचर खाऊन टाकायचा नाही. गुरुवारी मी रविवारचा विचार करतो. त्यामुळे केस गेले.

चौथा तुझा मिलो. आठांत सगळ्यात वेगवान आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर. हे मी त्याला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मे महिन्यात शेवटच्या डावात त्याला आणलं, त्याने मार खाल्ला, आणि अख्खी गॅलरी ओरडायला लागली की मामाच्या लाडक्याला मामाच्या मांडीवर बसव. मालकांनीही दुसऱ्या दिवशी विचारलं, की ही टीम आहे की तुमचं घर? तेव्हापासून माझं असं होतं, की संकट दिसलं की माझा हात आपोआप खुणेला जातो आणि मी मिलोला उठवतो. तो गरम होईपर्यंत गॅलरी आठवते. मग मी बर्नीला आणतो. मिलो बिचारा चकार शब्द काढत नाही. तो ताजा आहे, त्याची काळजी करू नकोस. विश्रांतीच चाललीय.

एक गंमत सांगतो. तुझा लेक हल्ली डाव्या हाताने सूप पितो. निम्मं शर्टावर सांडतं. विचारलं तर म्हणतो, दोन्ही हातांना सवय असावी. पोरं त्याला लाळेरं बांधणार आहेत.

जेरीदाजींना नमस्कार. गाईलाही. तुझा ओरडा खायची सवय आहे, ती मोडू देऊ नकोस.

तुझा,
रुडी

——

लिंडेन
५ जुलै १९५३

चि. रुडी यास,
अ. उ. आ.

जावांचं वर्णन वाचून जेरी हसले, मी नाही. मला चार जावा होत्या.

तुझ्या पत्रानंतर मी वहीच्या समासात एक नवी खूण सुरू केली. मिलोला उठवलं आणि आणलं नाही, की एक फुली; जुन्या पानांवरही आठवून घातल्या. आमच्याकडे ऐकू येतात ते फक्त रविवारचे सामने आणि एखादा शनिवारचा. त्या सहा सामन्यांत अकरा फुल्या झाल्या. मग मला कुतूहल वाटलं, की आठवड्यातल्या बाकी सामन्यांत किती असतील? आणि हे चेंडू लिहितो कोण? सामन्यात टाकलेला प्रत्येक चेंडू कुणीतरी मोजतो. कोंडवाड्यात टाकलेला चेंडूही त्याच खांद्यातून येतो ना? माझ्या वहीत तो अकरा दिवस आराम करत होता, तुझ्याही वहीत करत होता. मग त्याच्या हाताच्या वहीत काय होतं?

तुला पीठ मळता येत नाही, पण फुगतं ते पाहिलेलं आहेस. कोलाचचं पीठ फुगलं की दाबून खाली बसवायचं आणि पुन्हा फुगू द्यायचं. एकदा चालतं, दोनदा चालतं. पाहुणे उशिरा येणार म्हणून दिवसभर तेच करत राहिलास तर संध्याकाळी भट्टीत काय घालशील?

सुपाची गंमत मला गंमत वाटली नाही. माझा मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून उजव्या हाताने जेवतो. मला त्याची दोन ओळींची कार्डं येतात, हात बरा आहे म्हणून. त्याच्या बापाचाही गुडघा दर उन्हाळ्यात बराच असतो. मामा सांगतो म्हणून तो उठतो, आणि मामा आहे म्हणून दुखतंय हे सांगत नाही. हे तुला दिसू नये, याचं मला नवल वाटतं. रागावू नकोस. रागावलास तरी लिही.

लोभ कमी झालेला नाही, फक्त जरा कडक झालाय.

ब्लँचताई

——

मार्शफर्ड
१३ जुलै १९५३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस रागावलो होतो. स्वयंपाकघरातून टीम चालवणारे पुष्कळ भेटतात, असं एक वाक्य लिहून खोडलं. तिसऱ्या दिवशी गसला गाठलं. गस म्हणजे कोंडवाड्यातला आमचा जुना कॅचर, राखीव पिचरांना गरम करायचं त्याचं काम. मी सहज विचारलं, की मिलोचे किती चेंडू झेललेस? तो म्हणाला, वाट बघत होतो, कुणीतरी विचारेल म्हणून.

त्याने भिंतीवर खडूने रेघा ओढून ठेवल्या आहेत. मे महिन्यापासून मी मिलोला एकतीस वेळा उठवलं आणि बसवलं. दर वेळी पंचवीस-तीस चेंडू, तेही जोर लावून, कारण कधीही बोलावणं येईल. सामन्यात त्याने टाकले एकशे बारा. कोंडवाड्यात साडेआठशेच्या वर. माझा पहिल्या नंबरचा जावईसुद्धा एवढे टाकत नाही, आणि त्याला मी चार दिवस झोपू देतो. ताई, साडेआठशे चेंडूंत एकही फलंदाज बाद झाला नाही. नुसते हवेत गेले. मी गॅलरीला भ्यायलो आणि त्याचा खर्च पोराच्या खांद्यातून केला.

पिचर असताना गेलेलं माझं कोपर आजही सरळ होत नाही. निदान मला तरी हे कळायला हवं होतं.

आता नियम केलाय. उठवला की आणायचा. आणायचा नसेल तर उठवायचा नाही, मग कुणी काही ओरडो. पहिले पंधरा दिवस त्याला चेंडूला हातही लावू द्यायचा नाही असं ठरवलंय. मिलोला हात कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणाला. सूप मात्र डाव्या हातानेच प्यायला.

तुझ्या फुल्या चालू ठेव.

रुडी

——

मार्शफर्ड
३१ ऑगस्ट १९५३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रेडिओवर ऐकतच असशील. विश्रांतीनंतर मिलोने सहा सामने वाचवले. मे महिन्यात ज्यांनी शिव्या घातल्या, तेच आता आठव्या डावापासून भाच्याला आण म्हणून बाकं बडवतात. लोकांना काही लाज असते का?

पण मला काहीतरी दिसतंय. पहिले दोन फलंदाज तो उडवतो, तिसऱ्याला चेंडू वर राहतो. चेंडू सोडल्यावर खांदा झटकतो. मी रोज विचारतो, रोज बरा आहे म्हणतो. रविवारी शेवटचा सामना. जिंकलो तर लीग आमची. वरच्या लीगचा माणूस फक्त मिलोला बघायला येणार आहे. मालकांनी स्पष्ट सांगितलंय, की पुढच्या वर्षी मी असेन की नाही ते रविवारी ठरेल. गरज पडली तर त्याला आणू का? तू आई आहेस, तू सांग.

रुडी

——

लिंडेन
३ सप्टेंबर १९५३

चि. रुडी यास,
अ. उ. आ.

मी सांगणार नाही. त्याने वर जावं असं मला वाटतं, इतकं वाटतं की रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. चाळिशीत त्याला स्वतःचं पोर खांद्यावर घेता यावं असंही वाटतं. या दोन्हींतलं एक निवडायला मला लावू नकोस, ते काम तू मागून घेतलंयस. एवढंच सांगते, त्याला विचारू नकोस. तो खोटं बोलेल. विचारायचं सोड आणि बघ.

रविवारी मी वही घेऊन बसणार नाही. नुसती बसेन.

ब्लँचताई

——

मार्शफर्ड
७ सप्टेंबर १९५३

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे.

काय झालं ते तू रेडिओवर ऐकलंसच, पण रेडिओवाल्याला ते नीट कळलं नसणार. नवव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोघे बेसवर, एकच बाद. दोन हजार माणसं माझ्या नावाने ओरडत होती. मामाने आमच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही. मला राहवलं नाही. वरच्या लीगचा माणूस कॅचरच्या मागेच वही उघडून बसला होता. मी आपणहून उठलो, गसला म्हटलं झेल, आणि टाकायला लागलो. गॅलरी वेडी झाली.

चौथा चेंडू हातात होता तेव्हा मामा बाकावरून उठला. पंच ओरडतोय, बर्नी मध्येच हातात चेंडू धरून उभा, आणि मामा रेषेच्या कडेकडेने चालत थेट कोंडवाड्यापर्यंत आला. लोकांना वाटलं, मला न्यायलाच आलाय. त्याने माझ्या हातातला चेंडू काढून घेतला, कोटाच्या खिशात घातला, बस म्हणाला आणि तसाच परत गेला. त्याला ज्या शिव्या पडल्या त्या तुला लिहवत नाहीत. बर्नीचा दुसराच चेंडू बुडला नाही. दोन धावा गेल्या आणि आम्ही हरलो. वरच्या लीगचा माणूस वही मिटून निघून गेला. मालकांनी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांसमोर मामाला सांगितलं, की पुढच्या वर्षी येऊ नका.

मग मी त्याला जे बोललो ते आठवून आत्ताही लाज वाटते. भित्रा म्हटलं. माझं आयुष्य खिशात घालून गेलास म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, की वरच्या खुंटीवरची माझी टोपी जरा काढून दे, चेंडू टाकतोस त्याच हाताने. मी हात उचलला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. टोपी शेवटी मामानेच काढली.

या मोसमात मामाने मला कितीदा विचारलं असेल, हात कसा आहे. प्रत्येक वेळी मी बरा म्हणालो. काल त्याने विचारलं नाही. आई, हात जूनपासून दुखतोय. खूप दुखतोय. हे मी पहिल्यांदाच कुणालातरी सांगतोय.

बुधवारच्या बसने आम्ही दोघे येतोय. त्याला सामन्याबद्दल काही विचारू नकोस. तुझा माझ्यावर लोभ आहेच. या खेपेला त्यातला मोठा वाटा मामाच्या ताटात वाढ.

तुझा,
मिलो