गवताच्या गठ्ठ्यांमागे जे होते ते

मी, डेल्बर्ट कॉर्कम, वय एकाहत्तर, धंदा पूर्वी चोरीचा आणि आता खोकल्याचा, राहणार टॅमरॅक ट्रेलर पार्क, सॅमन हिल, नोव्हा स्कोशिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. कोणी आणले असते तर हे काम कधीच उरकले असते.

ग्रंथालयातल्या बाईंनी मला नियम समजावून सांगितले. साक्षीदार दोन हवेत आणि सहीच्या वेळी दोघेही समोर हवेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याने साक्षीची सही करू नये. केली तर त्याचा वाटा जातो. मजकूर वाचण्याची मात्र साक्षीदारावर सक्ती नाही, माझी सही होताना पाहिली की पुरे. हा शेवटचा नियम मी दोनदा विचारून घेतला. का, ते पुढे येईल.

कलम पहिले. पार्कचा व्यवस्थापक ऑर्व्हिल झिंक याला मी काहीही देत नाही. माझी कुत्री त्याने पालिकेच्या गाडीत चढवली, आणि वर मला येऊन सांगितले की ती आपणहून चढली. ती आयुष्यात कुठेही आपणहून चढली नव्हती. पण काहीच न मिळणारा पार्कातला तो एकटाच असल्याने, पहिला साक्षीदार व्हायला तोच लायक ठरतो. देवालाही विनोद कळतो म्हणायचे.

कलम दुसरे. अवजारे. पहार आणि तार कापायची मोठी कात्री ज्याला हवी त्याने घ्यावी. ड्रिल मशीन ज्याचे आहे त्याला परत करावे. तो कोपऱ्यावरच राहतो आणि अजून शोधतो आहे. दुसऱ्यांच्या टाक्यांतून तेल ओढायची रबरी नळी कोणालाही देऊ नये, तिच्यापायी माझे निम्मे दात गेले. पिकअप गाडी आणि क्रिबेज या पत्त्यांच्या खेळाचे गुण मोजायची लाकडी पाटी समोरच्या ट्रेलरमधल्या मर्ल व्हायनॉटला द्यावी. गाडीला ब्रेक नाहीत हे त्याला ठाऊक आहे.

कलम तिसरे. भिंतीवरची निळी टोपी. आमच्या पार्कात टीव्हीवाल्यांनी कित्येक वर्षे ती विनोदी मालिका केली. ट्रेलरांत, म्हणजे चाकांवरच्या घरांत, राहणारे भुरटे चोर, त्यांच्या फसलेल्या चोऱ्या आणि शेवटी तुरुंग, असे सगळे. देशभर लोक पोट धरून हसले. आम्हीही हसलो, विशेषतः तुरुंगातले जेवण पाहून. एका भागात ही टोपी घालून मी उभा आहे. पोलिस एका फ्रीजकडे बोट दाखवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि मी म्हणतो, "माझा नाही, साहेब." बस्, एवढेच. पण तेवढ्यावर मला सगळा परगणा ओळखतो. मांसाची गुंडाळलेली रोटी विकणाऱ्या डोनेरच्या दुकानात गेलो की पोरे अजून ओरडतात, "माझा नाही, साहेब!" एके काळी मला ते फार गोड वाटायचे.

टोपी जाळून टाकावी. ते वाक्य मला फुकट मिळाले नव्हते.

कलम चौथे. हे देण्याघेण्याचे कलम नाही. थंडी पडायच्या आधी आमच्याकडे ट्रेलरच्या पायाभोवती गवताचे गठ्ठे रचतात, म्हणजे वारा ट्रेलरखाली शिरत नाही आणि नळ गोठत नाहीत. मर्ल स्वतःचे रचायचाच, पण पार्कातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचेही फुकट रचून द्यायचा आणि वसंतात येऊन उचलून न्यायचा. "देवमाणूस आहे हो," असे त्यांतलीच एक, हिल्डा रॅफ्यूज, म्हणायची. देवमाणूस होताच. फक्त गठ्ठ्यांच्या मागे हिवाळाभर त्याचा माल असायचा, तांब्याच्या तारा, सिगारेटची खोकी, एकदा तर बोटीचे इंजिन. म्हातारीचे घर कोण उपसणार? नळही गोठत नव्हते आणि मालही सुरक्षित. मालाचे मूळ मालक सोडले तर कोणाचे काही बिघडत नव्हते.

ही गोष्ट मालिकेच्या लेखकाला मी सांगितली. पत्ते खेळता खेळता, अगदी रंगवून. तो इतका हसला की कॉफी सांडली. माझ्या बोलण्यावर कोणी इतके कधी हसले नव्हते. तो म्हणाला, "हे घेऊ का मालिकेत?" मी विचारले नाही की मर्लचे काय होईल. मी विचारले, "मला एक वाक्य देशील?"

भाग ऐन जानेवारीत दाखवला. मालिका पोलिसही बघत होतेच. दुसऱ्या दिवशी ते दाताळी घेऊन आले आणि हसत हसत एकेक ट्रेलर उघडा करत गेले. मर्लला बेड्या पडल्या. उपसलेले गठ्ठे कोणी परत रचले नाहीत, आणि त्याच आठवड्यात हिल्डाचे नळ फुटून स्वयंपाकघरात बर्फ झाला. ती लेकीकडे गेली ती परत आलीच नाही.

मग पार्कात एकच प्रश्न, सांगितले कोणी? मर्लची मुलगी व्हर्ना टीव्हीवाल्यांना जेवण वाढायचे काम करत होती आणि लेखकाशी हसून बोलायची. झाले, ठरले. तुरुंगात मी मर्लला भेटायला गेलो तेव्हा तो काचेपलीकडून म्हणाला, "डेल, तिला सांग, मला मुलगी नाही." मी तोंड उघडले. आणि मग म्हणालो, "सांगतो."

निरोप द्यायला गेलो तर तिला सगळे ठाऊक होते. लेखकाशी पत्ते खेळलो त्या दिवशी कॉफी ओतायला तीच उभी होती.

"डेल काका, तुम्ही बोललात ना?"

"हो गं."

"मग सांगा त्यांना. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःच्या अंगावरचं दुसऱ्यावर ढकलतेय. तुमच्या तोंडून ऐकू देत."

"सांगतो."

"कधी?"

"लवकरच," मी म्हणालो. ती शहरात राहायला गेली. मर्ल सुटून आला, त्याचे केस पांढरे झाले, आणि माझे 'लवकरच' अजून आलेले नाही.

माझी छाती गेल्यापासून मर्ल रोज येतो. वाटाण्याचे सूप आणतो, चूल पेटवतो, माझ्या पायाची नखे कापतो. "पाय कर इकडे, घोड्या," म्हणतो. मी पाय पुढे करतो. आयुष्यात खूप चोऱ्या केल्या, लाज कशाचीच वाटली नाही. तो पाय पुढे करताना वाटते.

कलम पाचवे. माझा ट्रेलर, चुलीसकट आणि गळक्या छतासकट, व्हर्ना व्हायनॉटला द्यावा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या बापाचे स्वयंपाकघर दिसते. अट काही नाही.

मृत्युपत्र इथे संपणार होते आणि मी मेल्यावर ते मर्लला वाचून दाखवले जाणार होते. अशी माझी हुशारी. पण इथवर लिहिले आणि तो सूप घेऊन दारात.

"काय खरडतोयस?"

"मृत्युपत्र."

"साक्षीला कोण?"

"एक ऑर्व्हिल. दुसरा मिळत नाहीये."

"मी आहे की."

"तुला नाही चालणार. तुला क्रिबेजची पाटी देतोय मी."

"ती पाटी माझीच आहे, लेका! तूच उचललीस माझ्याकडून. आण ते पेन."

ऑर्व्हिल यायचा होता, तरी मर्लने शेवटचे पान पुढे ओढून जागा शोधायला सुरुवात केली. वाचण्याची सक्ती नाही. मी ते दोनदा विचारून घेतले होते ते मी जिवंत असताना कोणी वाचू नये म्हणूनच. तो सही करून जाईल, उद्या सूप आणेल, आणि कळेल तेव्हा मी नसेन. पेन त्याच्या हातात देताना माझा हात सुटेना.

"आधी वाच," मी म्हणालो.

"चष्मा नाही आणला."

"माझा घे."

मर्ल ओठ हलवत वाचतो. कुत्रीच्या कलमात तो हसला. चौथ्या कलमात ओठ थांबले. मग म्हणाला, "तिला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू रोज माझं सूप प्यायलास."

"हो."

त्याने माझा चष्मा काढला, घडी करून टेबलावर ठेवला, सुपाखालची आच बारीक केली आणि निघून गेला. त्यानंतर तो आला नाही. यंदा माझे गठ्ठे रचलेले नव्हते, वारा ट्रेलरखाली शिरू लागला. परवा नळ गोठला. मी पांघरूण घेऊन बसलो आणि म्हटले, हिल्डालाही असेच वाटले असेल.

आज सकाळी बाहेर धप्प आवाज झाला. खिडकीतून पाहिले तर मर्ल माझ्या ट्रेलरला गठ्ठे लावत होता. दुसऱ्या टोकाला डोक्यावरून टोपडे ओढलेली एक बाई. गठ्ठा जागेवर बसवायला तिने लाथ मारली ती थेट बापासारखी. दोघांत बोलणे जवळजवळ नव्हतेच. "जरा डावीकडे." "दिसतंय मला." एवढे ऐकून मी रडलो. हे लिहिले तर चालते का, हे ग्रंथालयातल्या बाईंना विचारायचे राहून गेले.

आता मर्ल चिखलाच्या बुटांनिशी आत उभा आहे. ऑर्व्हिलला त्याने बाहीला धरून आणले आहे. व्हर्ना आत येत होती, तर तो ओरडला, "तू बाहेर थांब गं! चुकून सही केलीस तर ट्रेलर जाईल." मी म्हणालो, "मर्ल, मला माफ..." तो म्हणाला, "गप. पेन दे." मी आठवण करून दिली की सही केलीस तर पाटी आणि पिकअप दोन्ही गेले. तो म्हणाला, "मला तुझं काही नकोय." तो कोणत्या अर्थाने म्हणाला ते मला ठाऊक नाही. विचारायची छाती नाही.

कलम सहावे आणि शेवटचे, साक्षीदार "आटप" म्हणत असताना लिहिलेले. ट्रेलरभोवतीचे गठ्ठे वसंत येईपर्यंत कोणी काढू नयेत, मी असो वा नसो. मघाशी मागच्या बाजूला गठ्ठ्यांमागे काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला. मी विचारले नाही, मर्लने सांगितले नाही, आणि ऑर्व्हिल म्हणतो की त्याने काही ऐकलेच नाही. कोणी दाताळी घेऊन आले आणि विचारले की हे कुणाचे, तर त्यांना हा कागद दाखवावा. तिथे जे असेल ते माझे आहे, साहेब.

स्थळ : टॅमरॅक ट्रेलर पार्क, सॅमन हिल
दिनांक : १६ नोव्हेंबर, शनिवार

लिहून ठेवणार : डेल्बर्ट कॉर्कम (सही)

वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष झाली.

साक्षीदार १ : ऑर्व्हिल झिंक (सही). कुत्री आपणहूनच चढली होती.

साक्षीदार २ : मर्ल व्हायनॉट (सही). सगळे वाचून.