लखनौचा सावन आणि आमची गटारी

चिनहट, लखनौ
१४ जुलै १९९५

ती. मीनाक्षीताईस,
अभिरामचा सा. न. वि. वि.

काल सकाळी ढाबेवाल्या त्रिलोकीने कोंबड्यांनी लादलेली माझी सायकल दारातूनच परत पाठवली, त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. म्हणाला, भैया, सावन लग गया, आता महिनाभर चुलीवर मुर्गा चढणार नाही. मी त्याच्याशी भांडलो! आपला श्रावण अमावस्येनंतर लागतो ना? गटारीला विकायच्या म्हणून तर मी पिल्लं टाकली. इथल्यांचा महिना पौर्णिमेलाच संपतो, सावन आपल्या आधीच लागतो, हे इतकी वर्षं लखनौत राहून मला कळू नये! आपल्या घरात टांगलेलं ते कोल्हापूरचं कॅलेंडर, दुसरं काय. इथल्या फॅक्टरीच्या मेसनेही हात वर केले. चौकातले दुकानदार आपापल्या ठरलेल्या फार्मवरचाच माल घेतात.

बाबांना आनंदच झाला. रेल्वे क्वार्टरमध्ये कोंबड्या नकोत म्हणून त्यांनीच मला इथे पत्र्याच्या शेडमध्ये पिटाळलं, आणि आता म्हणतात, कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, हेही सोड. नाही सोडणार! पण ब्रॉयलर काही आपल्यासाठी थांबत नाही गं, वाढतच जाते. स्वतःचं वजन तिच्या पायांना पेलवत नाही, बसकण मारते. त्यात ही उमस, पावसाळी उकाडा. खाली पसरलेलं तूस ओलं होऊन त्याचा वास नाकाडोळ्यांना झोंबतोय. काही कोंबड्या घरघरायला लागल्यात. त्यांना पोत्याच्या पडद्याआड वेगळं ठेवून पाण्यातून औषध देतोय.

एक आशा आहे. पूर्वाचे वडील, बँकेतले बाळकृष्णकाका, त्यांच्या इंदिरानगरच्या घरी मराठी मंडळींना गटारीचं जेवण देणार आहेत. अमावस्या गुरुवारी येते म्हणून बुधवारीच. कोंबड्या माझ्या, कापणारही मीच. काका म्हणाले, हे एक काम धड पार पाड, मग पूर्वाचं बोलू. ताई, पूर्वाचं! ती परवा शेडवर आली होती. नाकाला ओढणी लावली नाही. यावरून काय ते समज.

दाजींना नमस्कार. लोभ करतेसच, या महिन्यात जरा जास्त कर.

तुझा,
अभिराम


कोल्हापूर
२० जुलै १९९५

चि. अभिरामास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. सावनाचं ऐकून ते इतके हसले की चहा सांडला. मग म्हणाले, या पोराला मुलगी देईल तो माणूस धीराचाच असणार. पूर्वाने नाकाला ओढणी लावली नाही म्हणून एवढा हुरळलास. सर्दी झाली असेल बिचारीला!

आता नीट ऐक. आदल्या संध्याकाळपासून कोंबड्यांना दाणा देऊ नकोस, नुसतं पाणी ठेव. पित्त फुटू देऊ नकोस. आणि आईने शिकवलंय ते विसरू नकोस. पोट उघडलं की आधी काळीज बघायचं. त्यावर पांढरे ठिपके दिसले तर ती कोंबडी सरळ पुरायची, मग पाहुणे ताटावर बसलेले का असेनात.

दुसरं, त्या दिवशी तोंडाला कुलूप घाल. काका काही बोलले तरी गिळून टाक. तुझा राग ओसरतो लवकर, पण तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो.

तू जेवतोस का वेळेवर? खुशालीचं पत्र टाक, आणि या ताईवर माया असू दे.

तुझी,
मीनाक्षीताई


चिनहट, लखनौ
२६ जुलै १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटी लिहायला डोकं ठिकाणावर राहणार नाही, म्हणून आधीच लिहून टाकतो: दाजींना नमस्कार, आणि आजचं ऐकूनही लोभ आटू देऊ नकोस. तुझ्या दोन सूचनांपैकी मी एकच पाळली.

पडद्याआडच्यांना हात लावला नाही. धडधाकट तेवढ्याच नेल्या. काकांच्या परसात पेरूच्या झाडाला तेलाच्या डब्याचं नरसाळं बांधलं, एकेकीला त्यात उलटी धरून गळ्याची शीर कापली. पूर्वा कढत पाणी आणून देत होती, पिसं उपटत होती. तिच्या केसांत एक पीस अडकलं होतं; मी सांगितलं नाही, शोभत होतं.

पहिल्या काहींची काळजं लालबुंद निघाली. मग एकीच्या काळजावर ठिपके. पुढचीच्याही. मी सुरी खाली ठेवली. सगळ्या एकाच भांड्यातून पाणी प्यायलेल्या, कुणाची खात्री देऊ? मी काकांना सांगितलं, जेवण होणार नाही.

काका हळू आवाजात म्हणाले, बाहेर हॉल भरलाय, वाटण तयार आहे, कलेजी फेकून दे, रश्श्यात कुणाला कळतंय? मी नाही म्हटलं. तर म्हणे, बी.एस्सी. ज्याला झेपलं नाही त्याने मला सायन्स शिकवू नये. आणि हे जेवण मोडलं तर पूर्वाचं नाव काढू नकोस.

ताई, मी रॉकेल मागितलं. काका हसले. पूर्वा आत गेली, रॉकेलचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि तिथेच उभी राहिली. आतून तिची आई हाका मारत होती, तरी हलली नाही. मी कापलेल्या सगळ्या कोंबड्यांवर रॉकेल ओतलं. आता खा म्हणावं.

काकांचा चेहरा पांढरा पडला. मागच्या गल्लीतून निघून जा, असं रक्ताने माखलेलं ध्यान लोकांना दाखवू नकोस, म्हणाले. मी हातसुद्धा धुतले नाहीत. हॉलमधून गेलो. सगळ्या मंडळींसमोर सांगितलं की माझ्या कोंबड्या आजारी निघाल्या, म्हणून आज गटारी नाही. शेडमधल्या उरलेल्या मी उद्या चुना टाकून पुरणार. आणि पूर्वाला मागायला पुन्हा येणार, तेव्हाही पुढच्याच दाराने.

मी चपला घातल्या, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.

तुझा,
अभिराम