खांबावरचा चारचा आकडा

बाबा, मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की जेटीच्या खांबावरचा चार वाजताचा पाण्याचा आकडा मी घाईत चुकीचा वाचला. ते खरं नाही. चारला मी खांबापर्यंत गेलेच नव्हते. तीनचा आणि पाचचा आकडा होता, त्यांच्या मधला काढून वहीत लिहिला. होडी खाडीत कधी घ्यायची ते तू त्या वहीवरून ठरवायचास. शाळेच्या आधी मला अंकही तू त्याच खांबावर शिकवलेस. त्या संध्याकाळी तू वही बघतोस आणि विचारतोस, "चारला पाणी किती होतं गो?" मी वहीतलं सांगते. तू म्हणतोस, "चारला मी तिथंच होतो. वाऱ्यानं पाणी बाहेर ओढलेलं, होडी वाळूत टेकली. नाय गेलीस तर जागा मोकळी ठेव. मोकळी जागा खोटं बोलत नाय." एवढंच. जेवताना तू माझ्या ताटात बांगड्याचा मोठा तुकडा वाढलास. तो मी तसाच ठेवला.

आता मी इथल्याच एका रुग्णालयात, भूल विभागात काम करते. ऑपरेशन चालू असताना यंत्र दर काही मिनिटांनी रक्तदाब आपणच संगणकात नोंदवतं. भुलेत दाब खाली गेला तर पुढे माणसाला त्रास होतो का, ते आम्ही या जुन्या नोंदींवरून बघतोय. दंडावरच्या पट्ट्याला कुणाचं कोपर लागलं की यंत्र भलताच आकडा लिहितं. ते काढायचं काम माझं. मी फार खालचे सगळेच आकडे खोटे धरले आणि तिथे आजूबाजूच्या आकड्यांमधला भरला.

परवा एका बाईची मूळ नोंद उघडली. नाव नाही, ती आम्ही काढून टाकतो. मी जिथे दाब नीट करून ठेवला, नेमकं तेव्हाच भूलतज्ज्ञांनी दाब वाढवायचं औषध दिलेलं. तिसऱ्या दिवशी तिची किडनी बिघडलेली. माझ्या तक्त्यात मात्र तिचं ऑपरेशन शांत पार पडलंय. अशा आणखी किती आहेत, मला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "प्रत्येक आकड्याच्या घरी जाऊन विचारपूस करणार काय तू?" मी हसले.

मंगळवारी आमच्या विभागप्रमुख मॅडम याच तक्त्यावरून सगळ्या डॉक्टरांना सांगणार आहेत की दाब थोडा वेळ पडला तरी फारसं बिघडत नाही. मग पुढच्या बाईचा दाब पडला तर कोण घाई करेल?

आज शनिवार. सकाळी मी मॅडमच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. हे आधी त्यांना सांगायला हवं होतं. तुला लिहिलं, कारण तू आता वही मागायला उरला नाहीस. त्यांना सोमवारी सांगेन, सकाळी आठला, त्यांची पहिली केस सुरू व्हायच्या आधी.