कोरडी बाटली

सोमवार, ६ जानेवारी
आले एकदाची सोलापुरात! मोहोळहून रोज एसटीनं ये-जा करायची तयारी होती, पण लॅबच्या मागेच खोली मिळाली. काम पाण्याच्या तपासणीचं. उजनीकाठच्या गावांचं पाणी येतं, ते बारीक गाळणीतून ओढून घ्यायचं आणि गाळणीवर काय अडकलं ते पाहायचं. ओढायचं काम व्हॅक्यूम पंपाचं. गाळलेलं पाणी पहिल्या बाटलीत पडतं. ती भरून वाहिली तर पाणी पंपात शिरेल, म्हणून मध्ये आणखी एक बाटली. ती कायम कोरडी हवी, असं लॅबप्रमुख श्रीशैल सरांनी दोनदा बजावलं.

इथली एक गंमत. प्रत्येक पंपावर चालवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीला हळदकुंकू! काचसामान धुणाऱ्या अक्कम्मा मावशी म्हणाल्या, "ज्याचं नाव त्येनंच पंप जपायचा की. पंपाचं बरंवाईट त्येलाच लागतंय." मला हसू आवरेना. मला अजून पंप नाही, तीन महिने इथं आधीपासून असलेल्या राजेश्वरीच्या हाताखाली शिकायचं.

शुक्रवार, १७ जानेवारी
राजेश्वरी चांगली आहे, हेच तर दुखणं. शेंगाचटणीचा डबा उघडला की आधी माझ्यापुढे. माझ्या चुका गुपचूप सुधारते, वर कुणाला सांगतही नाही. सर उठता-बसता तिचं नाव घेतात. आम्ही दोघीही तात्पुरत्या, कायमची जागा एकच. माझ्या पोटात दुखतं, लिहूनच टाकते. तिच्या पंपाची घरघर ऐकली तरी डोकं उठतं.

बुधवार, २९ जानेवारी
केलं. ती बाटल्या सकाळीच तपासते. जेवणाच्या सुट्टीत मी मधली बाटली काढून नळी सरळ तिच्या पंपाला जोडली. पहिली बाटली गळ्यापर्यंत भरलेली. पंप जळला की तिचा निष्काळजीपणा सगळ्यांना दिसेल.

पंप जळला नाही. नळीतून पाणी आत जाताना मी डोळ्यांनी पाहिलं. आवाज उलट मऊ झाला. खाली थेंबसुद्धा नाही. मग एवढं पाणी गेलं कुठं?

गुरुवार, ३० जानेवारी
राजेश्वरी आली नाही, खोकला झालाय. तिचं काम सरांनी मला दिलं, वर म्हणाले, राजेश्वरीसारखं नीट कर. मधली बाटली परत जोडणार होते. ते ऐकलं आणि नाही जोडली. दिवसभरात दोन लिटर पंपात गेलं.

शनिवार, १ फेब्रुवारी
राजेश्वरीला दवाखान्यात ठेवलंय, जाऊन आले. तिच्या फुप्फुसातून पाणी काढलं. हिरवट. त्याला शेवाळाचा वास, आमच्या नमुन्यांना येतो तोच. दोन लिटर, असं नर्स म्हणाली. मला पाहून राजेश्वरीनं विचारलं, जेवलीस का. तेव्हाही मला तिचा रागच आला.

रविवार, २ फेब्रुवारी
लॅब उघडून बाटली जोडली. उपयोग नाही. पंप बंद, तरी नळीत पाणी सरकतंय — बाटलीत न पडता पुढे — मावशींना गाठून सगळं सांगितलं. त्या मागे सरकल्या. म्हणाल्या, चिठ्ठीवर तिचं नाव हाय तवर पंप तिलाच पाजणार. दुसरं नाव लावलं तरच सुटंल ती.

पेन हातात होतं. माझं नाव लिहायला दोन क्षण लागले असते —
नाही लिहिलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी
सर हसत आले. राजेश्वरीनं निरोप दिला म्हणे — चैतालीइतकं माझ्या पंपाला कुणी जपणार नाही, तिचंच नाव लावा, जागाही तिलाच द्या. मी नको म्हणायच्या आत चिठ्ठी लागली. कुंकूही. सगळ्यांनी टाळ्या —

दुपारी
खोकला. रुमाल हिरवा —
चिठ्ठी निघत नाही. नखं तुटली. कुणाचं नाव लावू — कुणाचं —

राजेश्वरीला बरं वाटतंय. भाकरी खाल्ली म्हणे. खिडकीशी बसून मोकळा श्वास घेते — आणि मला, अजूनही, तिचा इतका हेवा—