सातांचं विमान

ग्रिम्सबी, ६ फेब्रुवारी १९४४

चि. हेडलीस,
थोरल्या बहिणीचे अ. आ. आणि पाठीत एक धपाटा. पत्र का नाही?

इकडे क्षेम. आई धक्क्यावर जाळी विणायला जाते. मोहिमेहून परतल्यावर तुम्हाला पावडरीचं नाही, खरं अंडं मिळतं हे ऐकून म्हणाली, अंड्यासाठी जर्मनीपर्यंत कशाला जायचं? पण हसली नाही. नव्या वैमानिकांना शिकवायचं काम तुला देऊ करताहेत, हे तिला कळलंय. नवरा समुद्राने नेला, पोरगा आभाळाला देणार नाही, म्हणते. मलाही तेच वाटतं. होकार कळव.

लोभ आहेच, तो घ्यायला तू राहा.
तुझी ताई,
एनिड

लिंकनशायरचा तळ, १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धपाटा पोचला. आता नीट ऐक. गेल्या आठवड्यात परतताना आमच्या बॉम्बरला आग लागली. विझवली, पण दोन इंजिनं गेली आणि शेपटीतल्या मशीनगनवाल्या परसीचं पॅराशूट जळालं. किनारा आल्यावर मी सगळ्यांना उड्या मारा म्हटलं; मी परसीला घेऊन विमान उतरवीन. परसी ओरडला, माझ्यासाठी मरू नका, गाढवांनो! एकही हलला नाही. नकाशे बघणारा इवान म्हणाला, आम्ही गेलो तर तू घर सोडून आयर्लंडला उतरशील. मग चाकांशिवाय, पोटावर उतरलो. सातही जण चालत बाहेर आलो.

आता यांना दुसऱ्याच्या हाती देऊन मी फळ्यापुढे उभा राहू? ठरलेल्या तीस फेऱ्यांपैकी थोड्याच उरल्यात, मग सगळेच सुटू. मी नकार कळवला. खाली जळणारी शहरं दिसतात, ताई. तिथेही कुणाच्या आया असतील. ते आईला सांगू नकोस. एवढंच सांग की तुझा मुलगा विमान नीट चालवतो.

कृपा असू द्यावी, रागासकट.
हेडली

ग्रिम्सबी, २३ फेब्रुवारी

चि. हेडलीस,
अ. आ.

मी चिडले होते. आईला सगळं वाचून दाखवलं, जळत्या शहरांसकट, माझ्याने लपवेना. तिने पत्र हातात घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, त्या बायकांसाठीही प्रार्थना करीन. पुढे म्हणाली, बोटीवरची माणसं सोडून तुझे बाबाही कधी आधी उतरले नाहीत. पोराला म्हणावं, घेऊन जा त्यांना आणि घेऊन ये. सगळ्यांना माझ्यापुढे आणून उभं कर, नाहीतर तूही येऊ नकोस.

आमचा जीव तिकडे आहे, हे ध्यानात असू दे.
एनिड

लिंकनशायरचा तळ, ३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल शेवटची फेरी झाली. इंजिनं बंद केली तरी कुणी उठेना. मग परसी रडायला लागला, आणि त्याला हसता हसता आम्हीही.

शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. आईला सांग, मासळी भरपूर तळ. खुर्च्या कमी पडतील, त्या शेजारून आण. माणूस एकही कमी नाही.

भेटीअंती सगळं बोलूच.
हेडली