भिंतीपलीकडचे पाय

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचे जानेफळले! बुलढाण्याची आमची खोली दुसऱ्या माळ्यावर. चाकाची खुर्ची काय उडत जाईल? म्हणून अंबू आत्याचं हे बसकं घर. आत्यानं उंबरा फोडून उतार करून ठेवला होता. बायकोनं, निशिगंधानं सामान लावलं, अन् आमची छकुली माझ्या मांडीवर बसून अंगणभर फिरली. चार वर्षांची पोर, पण तिचं ओझं मले कळत नाही. मांडव बांधताना बांबूवरून पडलो तेव्हापासून बेंबीखालचं अंग परकं आहे. रोज काही लिहा, मन रमेल, असं डॉक्टर म्हणाले. लिहून राह्यलो.

९ नोव्हेंबर
डॉक्टरांचं म्हणणं आज आत्याले समजावलं. मणक्यातल्या मज्जारज्जूवर व्रण धरला, आतल्या आत भिंत बांधावी तसा. त्या भिंतीमुळे जखम वर पसरली नाही, अन् तिच्यामुळेच माझा हुकूम खाली जात नाही. आत्या म्हणे, मंग पाड ना भिंत! तिचा इलाज ठरलेला. बिब्बा दिव्यावर तापवायचा अन् त्या तेलाचे पाठीले चटके द्यायचे. कंबर धरली की गावात हेच. डॉक्टरांनी बजावलं होतं, बधिर अंगाले गरम काही लावू नका, भाजलेलं कळणार नाही. पण छकुलीले खांद्यावर घेऊन एकदा चालायचं आहे मले. लाव म्हटलं.

१४ नोव्हेंबर
पाठीवर फोड आले म्हणे. मले वास तेवढा आला. निशिगंधा आत्यावर लय भडकली.

पण आज अंगठा हलला! आत्यानं देवापुढे साखर ठेवली. निशिगंधा भांडण विसरून रडली. मले आनंद व्हायले पाहिजे होता. झाला नाही. अंगठा मी हलवला नव्हता.

१८ नोव्हेंबर
पाय हलतात. थांब म्हटलं तर थांबत नाहीत. डॉक्टर फोनवर म्हणाले, झटके येतात, घाबरू नका. झटके कोणाचा आवाज ओळखतात काय? छकुली अंगणात बोलली की दोन्ही पंजे तिच्याकडे वळतात. दुसऱ्या कोणाकडे नाही.

बधिरपणा छातीपर्यंत आला. भिंत मी खाली जायसाठी पाडली. तिकडून कोणी वर येईल, हे डोक्यात आलंच नाही. वा रे भागवत, लय हुशार तू.

२१ नोव्हेंबर
दुपारी उभा राहिलो. म्हणजे, उभं केलं मले. आत्यानं नारळ फोडला. हे मी नाही, म्हणून सांगितलं — हसली. निशिगंधाले म्हटलं, छकुलीले घेऊन मलकापूरले माहेरी जा. तिनं माझ्या डोळ्यात पाहिलं. उद्याच्या एसटीनं जाते म्हणाली. तोवर माझ्या खोलीले बाहेरून कडी घाल म्हटलं. घातली.

भीती वाटायले पाहिजे. तीही खालीच राहिली.

२२ नोव्हेंबर
डावा हात गेला. गळा गेला. उजव्याची दोन बोटं —

निशिगंधा आत्यासंगं विहिरीवर. छकुली दाराशी. बाबा, चालता येते काय, विचारते. मी ‘नाही’ म्हणालो. तोंडातून ‘हाव’ निघालं —

छकुली पळ —

२२ नोव्हेंबर
आता बरं वाटते. हात छान चालते. पोर शहाणी आहे. कडी उंच आहे म्हणाली. म्हटलं, स्टूल घे, माय, बाबा खांद्यावर घेतील. घेतलं तिनं. चढली. कडी सर