जादूगाराला मान्य नसलेली रेघ

३ मार्च, मंगळवार
सरळ रेघेला सरळ न मानणाऱ्या काळात आपण जगत आहोत, याची कुणीतरी नोंद करून ठेवायला हवी. म्हणून करतो.
लेकीने कॉम्प्युटरवर एक खेळ घालून दिलाय. सोबत काळी पाटी आणि पेन. पाटीवर काढाल ते पडद्यावर खरं होतं. दरी आली, रेघ ओढा, पूल तयार. भिंत आली, पेटी काढा, वर चढा. टोपीवाला जादूगार माझा, जादूगारीण तिची. ती नोकरीच्या गावाहून खेळते, दर रविवारी. दोघांनी मिळून किल्ला गाठायचा.
आज एकट्याने सराव. जादूगार एकाच दरीत पुन्हा पुन्हा पडला. त्याला तोल नाही. रेघ निर्दोष होती.
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास.

५ मार्च, गुरुवार
सराव झाला नाही. टेबल डुगडुगत होतं. पायाखाली पुठ्ठा घातला. टेबल थांबलं, रेघ नागमोडीच. म्हणजे जमीन हलते. ही म्हणाली, अहो, जमीन कशी हलेल? शास्त्राशी संबंध नसला की असे प्रश्न सुचतात.

८ मार्च, रविवार
मी रेघ ओढायची, लेकीने त्यावरून जायचं. दोनदा घसरली. म्हणाली, बाबा, पुलाला डोंगरदऱ्या कशाला काढताय? म्हटलं, निसर्गात सरळ रेघ नसते. मग म्हणाली, सेटिंगमध्ये ‘स्थिर हात’ म्हणून सोय आहे, रेघ आपोआप सरळ होते, चालू करता का?
साफ नाकारलं. जन्मभर फळ्यावर विभक्तींचे तक्ते पट्टीविना आखले. कुबड्या नकोत.

११ मार्च, बुधवार
महाशोध. चित्र काढूच नये, लिहावं. आपल्या अक्षरांना वरून रेघ असते, तोच पूल. आधी ‘पूल’ लिहिलं, ते उकारावर कलंडलं. मग ‘मामा’. दोन म, दोन काने: चार पाय, वर फळी. जादूगार ऐटीत पलीकडे.
हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, इतकी वर्षं माझ्या भावाला नावं ठेवलीत, शेवटी त्याच्याच पाठीवरून गेलात ना. दुर्लक्ष केलं. देवभाषेच्या लिपीची थोरवी सिद्ध झाली, अलम्.

१३ मार्च, शुक्रवार
चहा बशीत सांडला. नव्या कपांचे कान लहान आहेत. जुने काढायला सांगितले. ही काही बोलली नाही. गप्प बसणं तिच्या प्रकृतीत नाही; बहुधा उकाडा.

१५ मार्च, रविवार
मामाने दगा दिला. पाय फेंगडे, फळी उतरती. जादूगारीण थेट खाली. लेक हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, बाबा, हे कधीपासून? म्हटलं, पेन स्वस्तातलं दिसतंय. म्हणाली, दुकानातलं सगळ्यात महाग मी घेतलं होतं. विषय बदलला. तिथल्या हवामानाची चौकशी केली.
पुढच्या रविवारी शेवटचा टप्पा. तो माझ्याच रेघेने पार होणार. सेटिंग गेलं खड्ड्यात.

१७ मार्च, मंगळवार
सहज म्हणून डाव्या हाताने रेघ ओढून पाहिली. उजव्यापेक्षा सरळ आली. नोंद घेण्यासारखं काही नाही.

१९ मार्च, गुरुवार
आज खेळलो नाही. मनगटाला विश्रांती. मोठे खेळाडू असंच करतात.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळी सात
जिंकलो. खाली उकळता लाव्हा, समोर किल्ला. एका दमात रेघ ओढली, आखल्यासारखी. जादूगारीण तुरुतुरु पलीकडे, तिने ओढलेल्या दोरावरून माझा जादूगार. दार उघडलं. म्हटलं, बघितलंस? कुबड्या लागल्या का? लेक म्हणाली, नाही बाबा, छान झालं. फार हळू म्हणाली. लाइन खराब असावी.
हिलाही ऐकवलं: टेबल, जमीन, पेन, सगळ्यांना पुरून उरलो. म्हणाली, हो, उरलात.

२३ मार्च, सोमवार
आवाज कमी करायला सेटिंग उघडलं. ‘स्थिर हात’: चालू.
हिला विचारलं. ताटं पुसता पुसता म्हणाली, मीच केलं. कुठे दाबायचं ते लेकीने फोनवर सांगितलं. डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतलीय, आता नाही म्हणू नका.
नाही म्हटलं नाही.
हात थरथरतो. उजवा. थंडी पडली तेव्हापासून. माझ्या वडिलांचाही असाच सुरू झाला होता. शेवटी आई त्यांना घास भरवायची, आणि कुणी पाहिलं की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला दुखण्याची तितकीशी भीती नाही. तसं बसावं लागेल, याची वाटते.